उंच शूटर की फिरती जोडी?
रिंगखाली एक उंच मुलगी उभी करावी की दोन चपळ शूटर फिरवाव्यात, यावर नेटबॉल या बास्केटबॉलसारख्या खेळाच्या प्रशिक्षकांचं अडतं. जमैकाचा संघ बघा, 2023च्या विश्वचषकात कांस्य मिळवलेला.

त्यांची शूटर जनील फाउलर 1.98 मीटर उंच, रिंग 3.05 मीटरवर. ती बचावपटूला पाठीशी धरून जागा राखते, चेंडू वरून येतो, शॉट अगदी जवळून. चुकायला वावच कमी! पण सगळा भार पास देणारीवर. चेंडू हातात धरायला तिच्याकडे फक्त 3 सेकंद. पास सपाट गेला तर अडवला जातो, लांबला तर बेसलाइनबाहेर. म्हणून रिंगसमोरच्या शूटिंग वर्तुळाच्या कडेवरून, समोर बचावपटू ठेवून, उंच पास रोज घोटावा लागतो.

फिरत्या जोडीला पास सोपे, पाय जास्त. एक पुढे धावली की दुसरीने मागची जागा घ्यायची. दोघी एकाच बाजूला आल्या की वाट बंद. शिवाय 3-4 मीटरवरून नेम हवा. चौथ्या क्वार्टरमध्ये दमल्यावर गुडघे वाकत नाहीत आणि चेंडू आखूड पडतो.

उंच मुलगी आणि पक्क्या हाताची विंग अटॅक (वर्तुळाबाहेरून पास देणारी खेळाडू), दोघी असतील तर पहिली पद्धत. नुसती उंची असेल तर नको. शाळेच्या संघाला दुसरीच बरी.