बचतगटाचं वाटप: भाजकं घ्या, ओलं राहू द्या

कुडाळच्या आठवडा बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला आमच्या शेजारगावचा एक बचतगट बसतो. आधी त्यांच्याकडे पापड, कोकमं नि कुळथाची पिठी एवढंच असायचं. हल्ली थर्माकोलच्या पेटीत तयार वाटप, म्हणजे उसळी-कढीत घालायचं वाटलेलं खोबरं, पण आणतात. भाजकं आणि ओलं असं दोन प्रकारचं, पाव किलोच्या पाकिटात. भाजकं ९० रुपये, ओलं ७०. गटाचं नाव मी मुद्दाम देत नाही. चार बायकांनी मिळून चालवलेलं काम आहे, आणि खाली जी तक्रार आहे ती मी त्यांच्या तोंडावर केलेली आहे. तेवढी पुरे.

मी पतपेढीत कॅशला बसते. टॅली लागून घरी पोचायला सात वाजतात, साडेआठला पानं वाढायची असतात. घरात सासूबाई, नवरा आणि आठवीतला मुलगा. सोमवार, गुरुवार, शनिवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. बाकीच्या दिवशी मासे मिळाले तर मासे, नाहीतर अंडी. मासे असले की खरं तर स्वयंपाक लवकर होतो. वेळ खातात ते शिवराकाचे दिवस, कारण काळ्या वाटाण्याची उसळ म्हटली की भाजकं वाटप आलं. कांदा उभा चिरा, लोखंडी तव्यावर तेलाच्या थेंबावर परता, मग खोबरं किसून ते तांबूस होईपर्यंत हलवत उभ्या राहा. ह्यात घाई चालत नाही. आच मोठी केली की वरून काळं, आतून कच्चं, आणि जळका कडवटपणा सगळ्या टोपात उतरतो. मग ते गार व्हायची वाट बघा, कारण गरम वाटलं तर मिक्सरात तेल सुटून लगदा होतो. सगळं धरून पाऊण तास सहज जातो.

ह्या गटाचं भाजकं वाटप तो पाऊण तास खरोखर वाचवतं. पहिल्यांदा पाकीट फोडलं तेव्हा मी दोन बोटांत चोळून बघितलं, कण लागला नाही. दगडी ग्राइंडरवर वाटतात असं त्यांनी सांगितलं आणि ते खरं वाटतं, कारण मिक्सरच्या वाटपाला एवढी मऊ लागण येत नाही. रंग विटकरी, काळपट नाही. कांदा खोबऱ्याच्या मानाने बेताचा आहे, त्यामुळे आमटी गोडूस होत नाही. कांदा स्वस्त असला की विकणारे तोच जास्त लोटतात, हा माझा दुसरीकडचा अनुभव आहे.

सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यात मसाला घातलेला नाही. मिरची नाही, धणे नाहीत. मालवणी मसाला ज्याचा त्याचा. आमच्याकडे मे महिन्यात डंकावरून कुटून आणतो, बेडगी जास्त आणि संकेश्वरी कमी, कारण सासूबाईंना तिखट सोसत नाही. माझ्या माहेरी बरोबर उलट. वाटपातच मसाला असता तर सगळ्या घरांची उसळ एका चवीची झाली असती आणि मी ते दुसऱ्यांदा घेतलं नसतं.

करायची पद्धत सोपी. वाटाणे आदल्या रात्री भिजवलेले हवेत, त्याला इलाज नाही. काळा वाटाणा कडक, सकाळी भिजवून रात्री शिजवला तर साल चिवट राहते. कुकरला सहा शिट्ट्या. टोपात तेलावर कांदा, दोन चमचे मसाला, मग अर्धं पाकीट वाटप घालून तेल सुटेपर्यंत परतायचं. मग वाटाणे त्यांच्या पाण्यासकट घालायचे. थोडे वाटाणे पळीने ठेचले की रस आळतो. साडेसातला गॅस पेटवला तर आठला टोप खाली उतरतो, आणि मध्ये चार तांदळाच्या भाकऱ्या थापून होतात. आंबोळ्या असतील तर उत्तमच, पण पीठ आंबवायची आठवण कामाच्या दिवशी कोणाला राहते!

सासूबाईंचा निकाल असा आला: "घरचा न्हय, पण वायट नाय." ज्यांनी चाळीस वर्षं पाट्यावर वाटलं त्यांच्याकडून हे पाचापैकी चार तारे समजायचे.

कोंबडीला पण हेच वाटप चालतं, फक्त त्यात आलं-लसूण आणि चमचाभर भाजलेली खसखस आपली घालावी. फणसाच्या कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीत घालून बघितलं, जड झालं. तिथे ताजं खोवलेलं खोबरंच हवं.

आता ओलं वाटप. ओलं खोबरं, भिजवलेली सुकी मिरची, धणे, हळद, माशाच्या कढीसाठी. हे ते गोठवून देतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. गोठलेलं वाटप वितळलं की खोबऱ्याचं दूध आणि पाणी वेगळं होतं. पुन्हा कितीही ढवळा, कढीला रवाळपणा राहतो आणि उकळी आली की वर तेलाचे ठिपके. कढी फुटलेली दिसते. चव तितकी वाईट नाही, पण बांगड्याच्या कढीत भात कालवताना जो दाटपणा लागतो तो नाही.

दुसरं म्हणजे तिरफळं, माशाच्या कढीत वासासाठी घालतात ती सुकी फळं. त्यांनी ती वाटपातच वाटून टाकली आहेत. हे वाचून कोकणाबाहेरच्या माणसाला काही वाटणार नाही, पण आमच्याकडे ताटावरून भांडण होईल. तिरफळ फोडून आतली काळी बी काढायची, साल जरा चेचायची आणि बांगडा सोडताना अख्खी घालायची. वास कढीत उतरतो, साल पानाच्या कडेला काढून ठेवता येते. बारीक वाटली की कडवट तुरटपणा सगळीकडे पसरतो आणि जीभ बधिर होते. पहिल्या घासाला सासूबाईंनी हात थांबवला. "तिरफळा वाटून कोण घालता गो?" मी तेच वाक्य पुढच्या बाजारात जसंच्या तसं पोचवलं. गटातल्या काकी हसल्या, म्हणाल्या की पाकिटात अख्खी घातली तर गिऱ्हाईक चावून खातं आणि परत येऊन भांडतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा विचार केला तर त्यांचंही चूक नाही. पण मग तिरफळं छोट्या पुडीत वेगळी द्या की.

आणि मुळात ओलं वाटप विकत घ्यायची गरजच काय? त्यात भाजणं नाही, गार करणं नाही. अर्धा नारळ खोवायचा, मिरच्या गरम पाण्यात टाकायच्या, मासे साफ होईस्तोवर त्या भिजतात. मिक्सर थांबत थांबत, गार पाणी घालून फिरवायचा. दहा मिनिटांचं काम. नारळ महाग झालाय हे कबूल, पण घरी माड असतील त्यांनी तरी हे ७० रुपये वाचवावेत.

टिकण्यातही दोघांत फार फरक आहे. जुलैमध्ये एकदा रात्रभर लाईट नव्हती. सकाळी ओल्या वाटपाचं पाकीट फुगलेलं होतं आणि आंबूस वास येत होता, सरळ केळीच्या बुंध्यात टाकलं. भाजकं ठीक होतं. भाजताना खोबऱ्या-कांद्यातलं पाणी उडून जातं, वर त्यात मीठ आहे, म्हणून ते दम धरतं. म्हणूनच चाकरमानी गणपती संपवून रात्रीच्या कोकणकन्येने परत जाताना भाजक्याची पाकिटं कपड्यांत गुंडाळून नेतात. ओलं कोणी नेत नाही. तरी भाजकंही फ्रीजमध्येच ठेवा आणि फोडल्यावर आठवड्यात संपवा, चमचा कोरडा हवा.

मिठाचं लक्षात ठेवा. पाकिटावर लिहिलंय, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्या सासूबाईंना भिंगातूनही दिसायचं नाही. उसळीला वरून मीठ शेवटी, चाखूनच घाला. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि तयार केल्याची तारीख मात्र ठसठशीत छापलेली आहे. बाजारात सुट्या डब्यातून वाटप विकणारे दुसरेही असतात, त्यांच्याकडे हे काही नसतं.

पिठीबद्दल थोडक्यात: कुळीथ चांगले भाजलेले, खडा नाही, दळण बारीक. लसणीची फोडणी, दोन कोकमं, पंधरा मिनिटांत जेवण. घ्याच.

घरपोच देत नाहीत. आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर सांगितलं तर पाकीट बाजूला ठेवतात, न सांगता गेलात तर अकरापर्यंत भाजकं संपलेलं असतं आणि पेटीत फक्त ओलं उरलेलं दिसतं, ह्यावरून काय ते समजा. आपला डबा नेला तर पाच रुपये कमी घेतात. श्रावणात मागणी इतकी असते की एका घराला दोनच पाकिटं.

बिनमिठाचं भाजकं वाटप करा असं मी सुचवलंय, रक्तदाबवाल्या घरांसाठी. काकी म्हणाल्या, "पाच किलोची ऑर्डर आसात तर वेगळा करूक परवडता." आमच्या वाडीतली तीन घरं तयार आहेत, दोन किलोपर्यंत जमलंय. कुडाळ-पिंगुळी भागातल्या कुणाला हवं असेल तर बुधवारच्या आत त्यांना कळवा.