नळीवर खोदलेलं खोटं

सहा आठवडे मी कमरेला असं रिव्हॉल्वर लावून दुकान चालवत होतो, जे गरज पडली असती तर माझ्याच हातात फुटलं असतं. ज्याने ते मला विकलं त्याला हे पक्कं माहीत होतं. टेक्सासमध्ये आपली मराठी माणसं आता बरीच आहेत. त्यांतले काही माझ्यासारखंच दुकान, मोटेल किंवा गॅस स्टेशन चालवतात आणि रात्री गल्ला मोजून एकटेच गाडीपर्यंत चालत जातात. त्यांच्यासाठी लिहितोय. पैसे गेले याचं वाईट वाटतं, पण ते दुःख त्यामानाने लहान आहे.

मी मूळचा सांगलीचा. ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका उपनगरात चौदा वर्षं माझं किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्याच रस्त्यावर एका दुकानदाराला रात्री बंदुकीच्या दस्त्याने मारून लुटलं. त्याच्या कपाळावरचे टाके मी दुसऱ्या दिवशी पाहिले आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, आता आपणही काहीतरी केलं पाहिजे. तिला ते पटलं नव्हतं. तिने फक्त एवढंच विचारलं, ‘तुम्हाला त्यातलं कळतं का?’

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांच्या पुढच्या, कायद्याने बंदूक बाळगता येईल अशा माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर जवळ ठेवता येतं. तरी मी रीतसर परवाना काढला. वर्ग केला, परीक्षा दिली, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या झाडल्या. ते सगळं भाड्याच्या ९ मिलिमीटर पिस्तुलावर केलं होतं. पास झालो आणि त्यानंतर मला वाटायला लागलं की आपल्याला आता यातलं कळतं.

रिव्हॉल्वरच हवं असं मी ठरवलं त्याला कारण होतं. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढताना त्रास होतो. रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता दंडगोल, बाजूला काढलं की आत किती काडतुसं आहेत ते डोळ्यांना दिसतं. यात माझी चूक नव्हती. चूक झाली ती गोळीच्या आकाराबाबत. इथे बंदुकीच्या कुठल्याही दुकानात तासभर उभे राहा, कोणीतरी तुम्हाला फिलिपिन्सच्या लढाईची गोष्ट सांगतोच. अमेरिकन सैन्याची .३८ ची रिव्हॉल्वरं तिथे तोकडी पडली आणि सैन्य परत .४५ कडे वळलं, ही ती गोष्ट (हे आकडे म्हणजे गोळीचा ढोबळ व्यास, इंचात). खरीच आहे ती. तिच्यावरून लोक सिद्धांत काढतात की गोळी जाड हवी, एकीतच काम झालं पाहिजे. एफबीआयनेही नव्वदच्या दशकात .४० घेतली आणि पुढे वीसएक वर्षांनी ती पुन्हा ९ मिलिमीटरवर आली, हे मात्र कोणी सांगत नाही. लहान गोळीचा धक्का कमी बसतो, त्यामुळे माणूस नेम धरून दुसरी, तिसरी गोळी झाडू शकतो. मला हे नंतर कळलं.

आता मोठ्या गोळीच्या रिव्हॉल्वरची अडचण समजून घ्या, कारण फसवणूक बरोबर तिथेच झाली. यातली नावाजलेली काडतुसं: .४५ कोल्ट १८७३ चं, .४४ स्पेशल १९०७ चं, .४४ मॅग्नम १९५५ चं. मॅग्नम हा स्पेशलचाच थोरला भाऊ. गोळीचा व्यास तोच, फक्त पितळेची पुंगळी साधारण एक अष्टमांश इंचाने लांब. ती मुद्दाम लांब केली, म्हणजे मॅग्नमचं काडतूस जुन्या स्पेशलच्या सिलिंडरमध्ये पूर्ण आत बसू नये. त्यामागे कारण आहे दाबाचं. स्पेशलसाठी कमाल दाब ठरलाय दर चौरस इंचाला १५,५०० पौंड, आणि मॅग्नमसाठी ३६,०००. दुपटीहून जास्त. तो दाब सोसायचा तर पोलाद जाड लागतं, आणि पोलाद जाड म्हणजे रिव्हॉल्वर किलोभराचं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात अंगावर फक्त एक सुती शर्ट असतो, त्याखाली किलोभर लोखंड लपत नाही. मला हवं होतं लहान, हलकं आणि तरीही मॅग्नम. हलक्या मिश्रधातूची तशी रिव्हॉल्वरं कारखाने बनवतात, पण ती महाग असतात. माझी ही इच्छा मी दोन-तीन ठिकाणी बोलून दाखवली होती.

जाहिरात दिसली तेव्हा मला वाटलं ती माझ्यासाठीच आहे. पाच गोळ्यांचं, अडीच इंची नळी, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, .४४ मॅग्नम, पन्नासपेक्षा कमी गोळ्या झाडलेल्या. साडेनऊशे डॉलर.

आम्ही आय-१० हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये भेटलो. माणूस साठीचा, स्वच्छ, मृदू बोलणारा. त्याने आधी माझंच टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स पाहायला मागितलं, विक्रीचा कागद स्वतः लिहून आणला होता, त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. मी म्हटलं, जवळच्या परवानाधारक बंदूक डीलरकडे जाऊन तिथून व्यवहार करू, फी मी देतो. तो म्हणाला, ‘टेक्सासच्या दोन रहिवाशांमध्ये खासगी विक्रीला त्याची गरज नाही, कशाला पैसे घालवता?’ कायद्याने ते खरंच आहे. मग त्याने स्पेशलच्या गोळ्यांची दोन खोकी मला वर दिली. म्हणाला, ‘सराव याच्यावर करा. मॅग्नमने मनगट जातं. मॅग्नम फक्त जवळ बाळगताना भरा.’ हेही खरं आहे. .४४ मॅग्नम ज्यांच्याकडे आहे ते बहुतेक सगळे असंच करतात.

त्याचं असं एकेक वाक्य खरं होतं, म्हणून मला संशय आला नाही. सराव स्पेशलवर कर म्हणाला, कारण स्पेशलने काहीच होणार नव्हतं. मॅग्नम झाडण्याची वेळ येईपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असणार होता.

मी तसंच केलं. दोन शनिवार रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, स्पेशल झाडल्या, रिव्हॉल्वर छान चाललं. घरी येऊन त्यात पाच मॅग्नम भरायचो आणि दुकानात जायचो. माझी मुलगी संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसून अभ्यास करते.

उघडकीस आलं ते माझा परवान्याचा वर्ग घेणाऱ्या बाईंमुळे. सहा आठवड्यांनी एका शनिवारी त्या रेंजवर होत्या. मी कौतुकाने दाखवायला गेलो. त्यांनी सिलिंडर उघडलं, काडतुसांच्या बुडाकडे पाहिलं, परत नळीकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘हे मॉडेल मॅग्नममध्ये कधी निघालं?’ मी नळीवरची अक्षरं दाखवली. त्यांनी पाचही काडतुसं काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि मला परत दिली नाहीत. त्याच दिवशी मला ओळखीच्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, पाठवलं.

गनस्मिथने दहा मिनिटांत सगळं सांगितलं. नळीवर जिथे ‘मॅग्नम’ लिहिलंय तिथलं लोखंड अगदी किंचित खोलगट होतं. आधीचा ‘स्पेशल’ शब्द घासून काढला होता आणि त्या जागी ठशांनी नवीन अक्षरं ठोकली होती. दिवा तिरका धरल्यावर ती एका ओळीत नाहीत हे मलाही दिसलं. घासलेल्या जागेवर बाटलीतला रासायनिक काळा रंग लावला होता. तेलाच्या फडक्याने चोळल्यावर तो फडक्याला लागला. कारखान्यातला काळेपणा असा निघत नाही. मग त्याने सिलिंडरच्या पाचही भोकांत उजेड टाकला. स्पेशलच्या भोकात ठरलेल्या खोलीवर एक पायरी असते, मॅग्नम तिथेच अडतं. ती पायरी कोणीतरी रीमर (भोक आतून कोरायचं हत्यार) फिरवून पुढे सरकवली होती, तीही हाताने, कारण दोन भोकांत आडवे ओरखडे होते. दोन्ही काडतुसांची एकूण लांबी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे पायरी काढली की मॅग्नम आत बसतं, टोक बाहेर येत नाही, सिलिंडर बंद होतं, आणि वरून सगळं ठीक दिसतं. सिलिंडरच्या भिंती मात्र स्पेशलपुरत्याच राहतात.

त्याने माझ्यासमोर कारखान्याला फोन लावून रिव्हॉल्वरवर कोरलेला नंबर दिला. उत्तर आलं: हे रिव्हॉल्वर आमच्याकडून .४४ स्पेशल म्हणूनच बाहेर पडलंय.

मी विचारलं, मॅग्नम झाडलं असतं तर? तो म्हणाला, पहिली कदाचित गेली असती, दुसरीही गेली असती, कुठली शेवटची ते सांगता येत नाही. सिलिंडर फुटतं तेव्हा त्याचे तुकडे वर आणि बाजूला उडतात, चौकटीची वरची पट्टी उचकटते. मला त्या क्षणी मुलगी कुठल्या खुर्चीवर बसते ते आठवलं.

विक्रीच्या कागदावरचं नाव खोटं निघालं, फोन बंद होता. त्याचं लायसन्स मी हातात घेऊन वाचलंच नव्हतं. त्याने ते दाखवलं आणि खिशात ठेवलं, मी भिडेपोटी बोललो नाही. पोलिसांत तक्रार दिली, नोंद झाली, अधिकारी सभ्य होते. पण हा दोन माणसांतला व्यवहार आहे, माणूस सापडला तर दिवाणी दावा करा, असं त्यांचं मत पडलं. पुढे काही झालं नाही.

गनस्मिथने मला जे शिकवलं ते आता मी मागेल त्याला दाखवतो. वापरलेलं रिव्हॉल्वर हातात आलं की पहिल्यांदा सिलिंडर उघडून ते रिकामं करा, दोनदा बघा. नळीवरची अक्षरं भिंगातून वाचा, त्यांच्यावरून नख फिरवा. भोकांत उजेड टाका, पाचही एकसारखी चकचकीत हवीत. मागचा घोडा (हॅमर) हळू मागे ओढून दर वेळी सिलिंडर आपल्या जागी नीट अडकतं का बघा, घोडा पूर्ण मागे गेल्यावरही अडकलं नाही तर ते घेऊ नका. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट साधारण चार ते आठ हजारांश इंच असते. डोळ्यांना खूप मोठी दिसली तर शिसाचे कण बाजूला उडतात. आणि नंबर घेऊन कारखान्याला फोन करा. मी हा फोन आधी केला असता तर हे लिहावं लागलं नसतं. डीलरकडे जाऊन व्यवहार करायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊच नका, कायदा काहीही म्हणो. डीलरकडे फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमी तपासली जाते, त्याच्या वहीत नोंद राहते. लबाड माणूस त्या वहीलाच घाबरतो.

एक गोष्ट आणखी, आणि ती मी आपल्या तरुण मुलांना हात जोडून सांगतो. मला जाहिरातवाल्याने फक्त टेक्सासचं लायसन्स विचारलं, व्हिसा विचारला नाही. टेक्सासचं लायसन्स एच-१बीवाल्याकडेही असतं. पण नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला बंदी नाही, एच-१बी (नोकरीचा) आणि एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावाल्याला आहे. दुकानात डीलर हे विचारतो, फॉर्मवर लिहून घेतो. पार्किंगमधला माणूस विचारणार नाही. त्याला साडेनऊशे डॉलर मिळतील आणि तुम्हाला खटला, कदाचित परतीचं विमान. माझ्या दुकानात येणाऱ्या दोन मुलांनी ‘काका, आम्हाला पण एक बघा ना’ असं म्हटलं होतं. मी त्यांना वकिलाकडे पाठवलं.

आता माझ्याकडे .३८ स्पेशलचं पाच गोळ्यांचं साधं पोलादी रिव्हॉल्वर आहे, डीलरकडून नवीन घेतलेलं. दर शनिवारी त्याच काडतुसांवर सराव करतो जी आत भरलेली असतात. गनस्मिथला मी जुनं सिलिंडर कापून टाकायला सांगितलं. त्याने माझ्यासमोर त्याचे लांबीच्या दिशेने दोन तुकडे केले, पातळ भिंत बोटाने दाखवली आणि एक अर्धा तुकडा मला दिला. तो गल्ल्याच्या खणात आहे.

जाहिरातीतल्या फोटोत रिव्हॉल्वर एका हिरव्या पट्ट्यांच्या टॉवेलवर ठेवलं होतं, टॉवेलच्या कोपऱ्याला जळल्याचा तपकिरी डाग होता. मागच्या आठवड्यात मला तोच टॉवेल, तोच डाग परत दिसला. नाव दुसरं, गाव सॅन अँटोनियोजवळचं, रिव्हॉल्वर पाच गोळ्यांचं, ‘.४४ मॅग्नम, अगदी हलकं’. मी ते फोटो जपून ठेवले, जुन्या तक्रारीचा नंबर लिहून पोलिसांना पाठवले आणि जाहिरात छापणाऱ्यांनाही कळवलं. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात दिसेनाशी झाली. काढून टाकली की रिव्हॉल्वर विकलं गेलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सॅन अँटोनियोच्या बाजूला कोणी अलीकडे असं रिव्हॉल्वर घेतलं असेल, तर त्यात मॅग्नम भरू नका, आजच गनस्मिथकडे न्या.