विमा की खर्चवाटप मंडळ? आधी आपल्या राज्याचा कायदा पाहा

अमेरिकेत नोकरी सुटली की जुना आरोग्य विमा कोब्रा या केंद्रीय कायद्याखाली बहुधा 18 महिने चालू ठेवता येतो. पण कंपनी भरत होती तो वाटाही आता आपल्याच खिशातून जातो, वर 2 टक्के. तो आकडा पाहून घरात शांतता पसरते. मग चर्चमधलं कुणीतरी मेडी-शेअर, समॅरिटन मिनिस्ट्रीज, ख्रिश्चन हेल्थकेअर मिनिस्ट्रीज अशा ख्रिस्ती खर्चवाटप मंडळांची नावं सुचवतं. महिन्याची रक्कम बरीच कमी, आणि माणसं आपल्या श्रद्धेची. तिथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हे जवळचं वाटणं अगदी साहजिक आहे.

या मंडळांत सभासद दरमहा ठरलेली रक्कम देतात आणि त्यातून इतर सभासदांची दवाखान्याची बिलं भागवली जातात. कोलोरॅडोच्या विमा विभागाने गोळा केलेल्या माहितीनुसार देशभरात किमान 17 लाख लोक अशा मंडळांत आहेत. ऐकताना आपल्याला भिशी आठवते. पण भिशीत आपली पाळी येणार हे ठरलेलं असतं. इथे बिल भागवण्याचं बंधन मंडळ स्वतःवर घेत नाही. घेतलं तर तो विमा ठरेल आणि विम्याचे सगळे नियम लागू होतील.

विमा कंपनीला राज्याचा परवाना लागतो, ठरावीक पैसा राखून ठेवावा लागतो. 2010 च्या अफोर्डेबल केअर कायद्यामुळे बाजारातली वैयक्तिक पॉलिसी जुना आजार दाखवून नाकारता येत नाही, आणि आवश्यक उपचारांवर वार्षिक किंवा आयुष्यभराची कमाल मर्यादा घालता येत नाही. हप्त्यांतले किमान 80 टक्के उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च व्हावेच लागतात. क्लेम नाकारला तर कंपनीबाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येतं. कंपनी बुडालीच तर राज्याचा हमी निधी आहे. त्याला मर्यादा आहे, पण तो आहे.

मंडळात यातल्या कशाचीच हमी नाही. आधीपासूनच्या आजाराची बिलं काही काळ, कधी बराच काळ, वाटपात घेतली जात नाहीत. तक्रार आधी मंडळाकडेच करायची, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी लवादाकडे जायचं. हॉस्पिटलच्या लेखी तुम्ही विमा नसलेले, रोख भरणारे. त्यातून मिळणारा एक हक्क मात्र जरूर वापरा: 2022 पासून नियोजित उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज मागता येतो, आणि बिल त्याहून 400 डॉलर किंवा जास्त आलं तर दाद मागता येते.

आता राज्यांकडे वळू, कारण खरा फरक तिथे आहे. 2010 च्या कायद्याने मंडळांच्या सभासदांना विमा नसल्याबद्दलच्या दंडातून सूट दिली. अटी अशा: मंडळ किंवा त्याची पूर्वीची संस्था 31 डिसेंबर 1999 पासून अखंड चालू हवी, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण हवं, आजारी पडला म्हणून सभासदाला काढता कामा नये. 2019 पासून तो दंडच शून्य झाला. पण ही सूट दंडापुरती होती. मंडळावर लक्ष ठेवायचं की नाही हे राज्यांवर राहिलं, आणि सुमारे 30 राज्यांनी कायद्यातच लिहून टाकलं की हा विमा नव्हे.

टेक्सास त्यातलंच. तिथे मंडळाने सभासदाला लेखी सांगावं लागतं की हा विमा नाही आणि न भागलेल्या बिलाची जबाबदारी तुमचीच. केंटकीत 2010 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडी-शेअरला विमाच ठरवलं; पैसा सभासदाकडून थेट सभासदाकडे न जाता एकत्र साठतो, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. 2013 मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि मंडळांना मोकळीक मिळाली. कोलोरॅडोने वेगळी वाट धरली. 2022 च्या कायद्याने मंडळांना सभासद किती, पैसे किती आले, बिलं किती भागवली हे दरवर्षी राज्याला कळवणं भाग पडलं. मला हीच वाट पटते. श्रद्धेला हात न लावता हिशोब मात्र उघडा राहतो.

हा हिशोब का हवा, ते ट्रिनिटी हेल्थशेअरने दाखवलं. मंडळ 2018 चं, म्हणजे 1999 ची अट पाळणं त्याला अवघडच होतं. कारभार अलीएरा या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे. 2019 मध्ये टेक्सासने अलीएराला कोर्टात खेचलं, वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांनी धंदा थांबवण्याचे आदेश काढले. 2021 मध्ये दोन्ही संस्था दिवाळखोरीत गेल्या. भरवशाने पैसे भरलेल्या सभासदांच्या हाती थकलेली बिलं राहिली.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरात मधुमेह, हृदयविकार, कर्करोगाचा इतिहास किंवा बाळाचा विचार असेल, तर विमाच घ्या, मोठ्या डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) का होईना. उत्पन्नानुसार मिळणारी हप्त्यातली सवलतही फक्त विम्यालाच आहे. एच-1बी वाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की 2027 पासून ही सवलत त्यांना मिळणार नाही. विमा विकत घेता येईल. मंडळ त्यांनीच निवडावं ज्यांची त्या श्रद्धेवर खरी निष्ठा आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि एखादं मोठं बिल स्वतः पेलण्याइतकी शिल्लक आहे. त्यांनीही आधी लेखापरीक्षण अहवाल मागून वाचावा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा स्वतःचा दंड आहे. आपलं मंडळ सूटीत बसतं का, ते तिथे तपासावं.

आणि तारखा पाहा. नोकरीचा विमा संपल्यापासून 60 दिवसांत बाजारातला विमा घेता येतो. ते दिवस मंडळाच्या भरवशावर गेले, तर पुढची सर्वसाधारण खिडकी 1 नोव्हेंबरला उघडते. मंडळ सोडलं किंवा ते बंद पडलं म्हणून ती लवकर उघडत नाही. मार्चमध्ये गाठ निघाली, तर विमा सुरू व्हायला जानेवारी उजाडतो.