गुडमार चूर्ण आणि मेथी : आठ महिन्यांनंतर

नाशिकला गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडून मी गुडमारचे, म्हणजे साखर उतरवणारी म्हणून ख्यात असलेल्या वनस्पतीचे, चूर्ण पहिल्यांदा घेतले, तेव्हा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या सुरू होऊन चार वर्षे झाली होती आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ८.१ टक्क्यांवर अडून बसले होते. सकाळी रात्रभर भिजवलेली चमचाभर मेथी आणि दोन्ही जेवणांआधी चूर्ण, असा क्रम मी स्वतःच ठरवला.

गुडमारची ख्याती एका बाबतीत तंतोतंत खरी निघाली. चूर्ण जिभेवर घोळवून चिमूटभर साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी कचकचते, पण गोड लागत नाही. हा त्यातील जिम्नेमिक आम्लांचा गुण. चतुर्थीचा मोदक त्यामुळे पिठाच्या गोळ्यासारखा लागला आणि मी एकावरच थांबलो, हा या चूर्णाचा मोठाच उपकार. मेथीतले विद्राव्य तंतू पोटात बुळबुळीत होऊन साखर रक्तात सावकाश उतरू देतात. सुरुवातीला गॅसेस झाले, पुढे थांबले.

पाचव्या आठवड्यात मात्र सकाळी गंगापूर रोडला फिरताना हात कापू लागले आणि सदरा घामाने भिजला. घरी ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८. पत्नीने साखरपाणी पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा कुठे ८९ दिसले. डॉक्टरांना चूर्णाबद्दल मी तोवर काहीच सांगितले नव्हते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यात साखर उतरवणाऱ्या वनस्पतीची भर पडली, की रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. पण डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न मला अधिक लागला : सुट्या पुडीत निव्वळ गुडमारच आहे, हे कशावरून? वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी औषधे गुपचूप मिसळलेली, तर काहींत शिसे आणि पारा सापडलेला आहे. विक्रेत्याने तर ‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतील’ अशी हमी दिली होती. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

ती पुडी फेकली. ग्लिमेपिराइडची मात्रा डॉक्टरांनी अर्धी केली, मेथीला मोकळीक दिली. आता एचबीएवनसी ७.४ आहे, परंतु याच काळात रात्रीचा भातही सुटला आणि चालणे पाऊण तासावर गेले, त्यामुळे मेथीच्या नावावर यातले किती लिहावे, हे मला ठरवता येत नाही. फिरायला निघताना सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी मात्र असते.