शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती

धाकटीच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही लेपर्ड गेकोचं पिल्लू आणलं. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, पाल दिसली की आपण झाडू शोधतो, आणि तुम्ही पैसे मोजून पाळताय?" किती मोजले ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. तिथल्या एका दुकानात बोटाएवढं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं पिल्लू ४५ पौंडांना होतं. ठेवायचं कशात, असं विचारल्यावर दुकानदाराने २२० पौंडांचा 'बेबी सेट' पुढे केला. सगळं नवंकोरं, सगळं आत. सेट घेतला तरच पिल्लाची ३० दिवसांची हमी, आणि रोख दिलेत तर वीस पौंड सूट. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण लेक हात ओढत होती. पावतीवर त्याने नुसतं 'सामान' लिहिलं. तेही मी घरी येऊन वाचलं.

सेटमध्ये ६० सेंटिमीटर उंच काचेची पेटी. आपल्या भिंतीवरच्या पालीला चालली असती. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटायच्या गाद्याच नसतात, तो काचेवर चढत नाही. खडकाळ, कोरड्या जमिनीवरचा प्राणी हा. याचा एक जवळचा नातलग आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवरही आहे. म्हणजे उंचीचे पैसे हवेत गेले. वर शोभेची फांदी होती, तिच्यावरून पिल्लू दोनदा पडलं. तळाला 'कॅल्शियम वाळू'. किड्याबरोबर वाळूही पोटात जाते आणि आतड्यात अडकू शकते, हे मला नंतर कळलं.

सगळ्यात वाईट होती ती खालून तापणारी चटई. तिला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅटच नव्हता. काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला काट्याचा थर्मामीटर २८ दाखवायचा आणि आम्ही निश्चिंत. एकदा पाणी बदलताना तळाला हात लागला नि चटका बसला. वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणून तळाशी ठेवला, तर आकडा ४४. गरम कोपऱ्यातसुद्धा ३१ ते ३३ पुरे असतं. आणि चटई सोडवायला गेले तर तिच्याखाली आधीच्या चटईची जुनी, काळपट गोंदाची खूण. 'नवीकोरी' पेटी वापरलेली होती.

पिल्लाने सहा दिवस तोंडात काही घेतलं नाही. ओलसर लपायला जागा नव्हती, म्हणून कात बोटांवरच आवळून बसली. डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्यात धरून ती सोडवली, पण एका बोटाचं टोक गेलंच. त्यांची फी वेगळी.

दुकानदार म्हणाला, "तापमान तुम्ही चुकवलंत, हमी रद्द." पेटीचं विचारलं तर म्हणे, "कुठली पेटी? पावतीवर आहे का?" इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे, सांगितली तशी नसलेली वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. शंभर पौंडांवरची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल तर कार्ड कंपनीलाही धरता येतं. वीस पौंडांच्या लोभापायी माझ्या हातात धड पुरावा नव्हता आणि कार्डही नव्हतं.

आता पिल्लू झाकणाच्या बुटक्या प्लॅस्टिक डब्यात आहे. झाकणाला नि बाजूंना भोकं, खाली किचन पेपर, चटई थर्मोस्टॅटवर. गरम नि गार, दोन्ही बाजूंना लपायला जागा, आणि मधे श्रीखंडाच्या डब्याला दार कापून आत ओलं शेवाळ. उंच पेटीत मी कोथिंबीर लावली आहे.

त्या दिवशी भांडून निघताना गल्ल्यामागच्या फळीकडे लक्ष गेलं. त्याची विकायची सगळी पिल्लं तिथे ओळीने ठेवलेली होती. बुटक्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, किचन पेपरवर.