उपग्रहचित्रं ओळखायचे पत्ते: घ्या, पण मोजपट्टी स्वतः काढा

मी कळव्यात सहावी ते नववीच्या मुलांना भूगोल शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीसाठी नौपाड्यातल्या एका दुकानातून हा संच आणला. ४५० रुपये, ४० पत्ते. पुढे उपग्रहातून टिपलेलं चित्र, मागे उत्तर. ओळखलं की पत्ता आपला.

पहिल्याच डावात लोणार निघालं. "मॅडम, ही तर मुंब्र्याकडची खाण!" पारसिकच्या डोंगराखाली वाढलेली मुलं, गोल खड्डा दिसला की त्यांना खाणच आठवणार. दुसरीने लगेच अडवलं, "खाण पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असते, ट्रक उतरायला रस्ता असतो. इथे दाखव बरं कुठे आहे?" दहा मिनिटं वाद चालला आणि मी मुद्दाम गप्प बसले. 'लोणार हे बेसाल्ट खडकातलं आघाती विवर आहे', म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा, हे वाक्य दर वर्षी मी लिहून देते, मुलं पाठ करतात. त्याच मुलांनी आज एकमेकांकडे पुरावा मागितला. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

छपाई स्वच्छ आहे, पत्ते जाड आहेत.

तक्रार मात्र गंभीर आहे. एकाही पत्त्यावर मोजपट्टी, म्हणजे चित्रातलं अंतर जमिनीवर किती ते सांगणारी रेघ, नाही. लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर, आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशातल्या रिशाट या गोल भूरचनेचा सुमारे ४०, आणि पत्त्यांवर दोन्ही वर्तुळं सारख्याच आकाराची! मुलांनी तुलना करायची कशावरून? त्यात रिशाटच्या मागे चक्क 'उल्कापाताचं विवर' छापलंय. पूर्वी तसं मानत असत, पण तिथे आघाताचा पुरावा मिळालेला नाही. घुमटासारखे वर उचलले गेलेले थर झिजले, कठीण थर उभे राहिले, मऊ खचले, म्हणून ती कडी दिसतात. शिकवायच्या वस्तूत अशी चूक मला चालत नाही. डब्यावरच्या ईमेलवर सविस्तर कळवलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर मी गूगल अर्थवर अंतरं मोजून प्रत्येक पत्त्यावर पेनने पट्टी काढली आणि रिशाटचं उत्तर खोडून लिहिलं.

उत्तर दिशेचा बाणही नाही, आणि तो हवाच होता. ग्रँड कॅन्यनच्या पत्त्यावर सगळ्यांना दरीऐवजी डोंगररांग दिसली. मी पत्ता उलटा फिरवला आणि रांग झटकन खाली गेली, दरी झाली! लँडसॅटसारखे पृथ्वीची चित्रं टिपणारे उपग्रह त्या त्या ठिकाणावरून तिथल्या सकाळी दहाच्या सुमारास जातात. आपल्या गोलार्धात तेव्हा ऊन बहुतेक वेळा आग्नेयेकडून येतं, म्हणजे उत्तर वर धरलेल्या चित्रात खालून. डोळा मात्र उजेड वरूनच येणार असं धरून चालतो, त्यामुळे उंच-सखल उलटं दिसतं. हे त्या दिवशी फळ्यावर आकृती काढून समजावलं. आता कुठलाही पत्ता आला की मुलं आधी सावली कुठल्या बाजूला पडलीय ते शोधतात, मग बोलतात.