सत्तरीतलं फायबर: एका पावसाळ्यानंतर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरी फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यातून येणारं इंटरनेट, आलं शिमग्याच्या सुमाराला. आता दिवाळी उलटून गेली आहे, म्हणजे मे महिन्यातला गडगडाट, अख्खा पावसाळा आणि चवथ (गणेश चतुर्थी) हे सगळं या तारेने पाहिलं. बसवल्यावर आठ दिवसांत दिलेलं मत सत्तरीत कुणाच्या उपयोगाचं नाही. वाळपईला गोव्यातल्या बहुतेक गावांपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि आमचा वाडा, म्हणजे वस्ती, वाळपईच्याही आत, काजूच्या डोंगराला लागून. म्हणून मुद्दाम थांबले आणि आता लिहिते.

कंपनीचं नाव देत नाही. ते देऊन फारसं काही कळणारही नाही, कारण गावातले शेवटचे काही किलोमीटर स्थानिक केबलवाला सांभाळतो. बीएसएनएलसुद्धा फायबरचं गावातलं काम अशा स्थानिक भागीदारांकडून करून घेतं. त्यामुळे एकाच नावाची सेवा डिचोलीत चोख आणि आमच्याकडे ढिली, किंवा त्याच्या उलट, असं सर्रास असतं. तुमच्या वाड्याला कोण येतं, हे विचारणं जास्त कामाचं.

आमची गरज आधी सांगते. मी घरी बसून मराठी श्राव्य पुस्तकांचं संपादन करते. एका तासाचं स्टीरिओ रेकॉर्डिंग साध्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात ६०० एमबीच्या पुढे जातं. मोबाईलच्या ४जीवर आमच्या घरात अपलोडला २ एमबीपीएस मिळाले तरी खूप. त्या वेगाने एक फाईल चढायला चाळीस मिनिटं लागतात, आणि मध्येच रेंज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. फायबरवर तीच फाईल दीड-दोन मिनिटांत जाते. माझ्या कामापुरतं बोलायचं तर या एका गोष्टीने कनेक्शनचे पैसे वसूल झाले. पूर्वी फाईल चढवायला रात्री उशिरापर्यंत जागावं लागायचं, ते बंद झालं. शिवाय मुलगी अकरावीत आहे, सासूबाईंना यूट्यूबवर भजनं आणि जुनी नाटकं लागतात, आणि दीर कुवेतला असल्यामुळे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतोच.

जाहिरातीत मात्र फक्त डाऊनलोडचा आकडा असतो. कनेक्शन घेताना मी पहिला प्रश्न अपलोडचा विचारला, तर विकायला आलेल्या माणसाला तो नवीनच होता. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं. आमच्या प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंना ५० एमबीपीएस आहेत आणि दिवसभर ते खरोखर मिळतात. सरकारी व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाऊनलोड मिळालं की ते ब्रॉडबँड. त्याआधी तर ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. स्वच्छ दिसणाऱ्या एका व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात. चार माणसांच्या घराला ५० पुरून उरतात.

रात्री आठ ते साडेदहाच्या दरम्यान हा वेग उतरतो, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीवर चालतं. एका धाग्यावरून खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारे सुमारे १.२५ जीबीपीएस स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारी डबी) लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच वेळी ५०-५० ओढले तरी बेरीज १६०० एमबीपीएस होते, म्हणजे ही वाट तुंबायला नको. अडतं ते पुढे, केबलवाल्याने वरून किती बँडविड्थ (सगळ्या घरांसाठी मिळून वेगाची क्षमता) विकत घेतली आहे तिथे. म्हणून ३०० एमबीपीएसचा महाग प्लॅन घेऊन रात्रीचा त्रास सुटत नाही. पलीकडच्या वाड्यावर एकांनी तो घेतला आहे. रात्री नऊच्या सुमाराला त्यांचाही आकडा आमच्या जवळपास येऊन थांबतो. वेगाची पायरी वाढवून विकणं कंपनीला सोपं जातं. वरची बँडविड्थ वाढवायला खर्च येतो आणि तो जाहिरातीत दिसत नाही. ग्राहकाला मात्र गरज त्याचीच असते, आणि याबद्दल मला मनापासून राग येतो.

आता पावसाळा. फायबरवाल्या प्रत्येक घराने एक आकडा ओळखायला शिकावं. राऊटरचं पान उघडलं (आमच्याकडे १९२.१६८.१.१) की त्यात ‘आरएक्स पॉवर’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. घरापर्यंत किती प्रकाश पोचतोय त्याचं ते माप, डीबीएममध्ये आणि उणे. साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात काम चालतं. आकडा ३ डीबीने (डेसिबलने) खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. ३२ घरांचा स्प्लिटर एकटाच १५ ते १७ डीबी खातो, त्यामुळे उरलेल्या जागेत प्रत्येक जोड आणि प्रत्येक वाक मोजूनमापून असावा लागतो. बसवलं तेव्हा आमचा आकडा उणे २१ होता. जूनच्या पावसात तो उणे २६ पर्यंत घसरला. लाल दिवा लागला नव्हता, पण नेट अडखळायचं, कॉल तुटायचे, आणि कॉल सेंटरवरून दर वेळी राऊटर बंद करून चालू करायला सांगायचे. लाईन सांभाळणाऱ्या मुलाला मी थेट आकडा सांगितला. तो सरळ तार बघत निघाला आणि फणसाच्या फांदीखाली दाबून वाकलेली जागा शोधली. काचेचा धागा ठरावीक मर्यादेपलीकडे वाकला की प्रकाश वाकणातून बाहेर निसटतो. तार बाहेरून शाबूत दिसते. जाताना तो म्हणाला, “वयनी, आंकडो सांगलो तें बरें केलें.” तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तो आकडा वहीत लिहून ठेवते.

जुलैत मात्र झाडच पडलं. रस्त्याकडेचा खांब आणि त्यावरच्या सगळ्या केबली खाली आल्या. वीज दुसऱ्या दिवशी आली, नेट यायला चार-पाच दिवस गेले. याबद्दल वाड्यावर बरीच चिडचिड झाली, पण मला त्या मुलांची अडचण पटते. टेलिफोनची तांब्याची तार हाताने पिळूनही जोडता येत असे. फायबरच्या धाग्यात प्रकाश जातो तो गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. दोन टोकं समोरासमोर तंतोतंत आणून स्प्लायसिंग मशीनमधल्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात. कापलेलं टोक स्वच्छ आणि कोरडं हवं. सत्तरीच्या जुलैत, रस्त्याच्या कडेला, कोरडी जागा आणायची कुठून? शेवटी त्यांनी ते व्हॅनच्या मागच्या बाजूला बसून केलं. आमच्या भागातल्या या केबलवाल्याकडे मशीन एकच, आणि त्याच आठवड्यात झाडं ठिकठिकाणी पडलेली.

तेव्हा कनेक्शन निवडताना माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न हा: तुमच्या केबलवाल्याकडे स्वतःचं स्प्लायसिंग मशीन आहे का, आणि ते तालुक्यात असतं की म्हापशाहून यावं लागतं? वेग, सोबत मिळणारी ओटीटी अ‍ॅप, फुकट राऊटर हे सगळं त्यानंतर. आमच्याकडे दुसरी एक सेवा स्वस्त मिळत होती. तिचा माणूस बाहेरच्या तालुक्यातून येतो हे कळल्यावर आम्ही ती घेतली नाही, आणि जुलैत त्या निर्णयाचं बरं वाटलं. ती घेतलेली घरं आमच्याही नंतर चालू झाली.

चवथीच्या तोंडावर तार पुन्हा तुटली. गोव्यात चवथीला सगळी माणसं आपापल्या मूळ घरी जातात, लाईनवाली मुलंही. दीड दिवसाचा गणपती विसर्जित होईपर्यंत कुणी येणार नाही हे मी धरूनच चालले. कुवेतच्या दिरांना आरती मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून दाखवली. चित्र थांबत थांबत गेलं, पण गेलं. त्यासाठी मोबाईलचा डेटा पॅक चालू ठेवणं भाग आहे. फायबर घेतलं म्हणून तो बंद करू नये.

विजेबद्दल. फायबरचा एक मोठा फायदा विजांच्या गडगडाटात कळतो. काचेतून करंट वाहत नाही, त्यामुळे पूर्वी टेलिफोनच्या तारेतून वीज येऊन मोडेम जळायचे तसं होत नाही. मात्र राऊटरचा अ‍ॅडाप्टर विजेच्या प्लगमध्येच असतो, तेव्हा गडगडाटात तो काढायचाच. वीज गेल्यावर नेट चालावं म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला आहे. आमचा राऊटर त्यावर तीनेक तास तगतो. खरी मेख पुढे आहे. जीपॉनमध्ये मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण जिथून प्रकाश निघतो ती ओएलटी पेटी विजेवर चालते. आमच्याकडे ती गावातल्या एका दुकानाच्या माळ्यावर आहे. सुरुवातीला तिची बॅटरी थकलेली होती, त्यामुळे आमच्या घरी यूपीएस असूनही वीज गेली की नेट जायचं. वाड्यावरच्या लोकांनी मिळून मागे लागल्यावर ऑगस्टमध्ये बॅटरी बदलली आणि तेव्हापासून फरक जाणवतो. कनेक्शन घ्यायच्या आधी ही पेटी कुठे आहे आणि तिला बॅटरी किती तासांची आहे, हे विचारा.

घर जुनं, चिऱ्यांचं, भिंती दीड फुटाच्या. बाहेरच्या खोलीतल्या राऊटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही, २.४ पोचतं, पण मंद. कंपनीने वायफाय खोलीखोलीत पोचवणारं मेश यंत्र सुचवलं होतं. आम्ही माळ्यावरून लॅनची तार मागच्या खोलीत नेली आणि जुना राऊटर तिथे दुसरं वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. खर्च तारेपुरता. काम उत्तम चाललं आहे.

कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) गवे आणि माकडं येतात म्हणून लावलेला कॅमेरा बाहेरून थेट बघता येत नाही, कारण कंपनी एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घराचा पत्ता) अनेक घरांना वाटून देते. कॅमेरा कंपनीच्या अ‍ॅपमधून दिसतो, तेवढ्यावर भागतं.

५जीवरचं घरगुती वायफाय घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. टॉवर समोर दिसत असेल तर जरूर बघा. पावसाने रेंज जाते असं आपल्याकडे सगळे म्हणतात, पण मोबाईलच्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. जाते ती टॉवरची वीज, किंवा टॉवरपर्यंत फायबर नसून डिशवर काम चालत असेल तर ती डिश जोरदार पावसात मंदावते. आमच्या वाड्यावर डोंगर आडवा येतो, त्यामुळे आम्हाला तो पर्यायच नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन अभ्यासाला बसत होती, हे गोव्याने पाहिलं आहे. ज्यांच्या घराला डोंगराची आड आहे, त्यांच्यासाठी तारेला आजही पर्याय नाही, आणि तार ओढायला ‘घरं कमी आहेत’ हे कारण मला मान्य नाही. वीज नेताना हे कारण कुणी दिलं नव्हतं.

तक्रारीचं अ‍ॅप वाईट आहे. मराठी नाही, कोंकणी नाही, आणि ‘तार तुटली आहे’ असा साधा पर्यायही नाही. सासूबाई एकट्या घरी असतील तर त्यांना तक्रार नोंदवता येणार नाही. तरीही लाईनवाल्या मुलाला फोन केल्यावर अ‍ॅपवर तक्रार करून क्रमांक घ्यावाच. दुरुस्ती तीन दिवसांच्या वर रखडली तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत आहे, पण ती मागायला तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लागते. जुलैच्या बिलात आम्हाला ती मागितल्यावरच मिळाली. क्रमांकावरही दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

पैशांचं म्हणाल तर महिन्याला पाचशेच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे एकदम भरले तर सूट मिळते. ती घेऊ नका. तीन महिन्यांचे भरा आणि पावसाळ्याआधी पुन्हा विचार करा. आम्ही पुढचे तीन महिने याच कनेक्शनचे भरले आहेत.

राहिला प्रश्न तारांचा. विजेच्या खांबांवरून ओढलेल्या केबली झाडाबरोबर खाली येणारच. राज्यात वीज खात्याची भूमिगत वाहिन्यांची कामं चालू आहेत. आमच्याकडे चर खणला जाईल तेव्हा त्याच चरात योग्य अंतर ठेवून एक रिकामा पाइप टाकावा आणि तो पंचायतीच्या ताब्यात ठेवून मागेल त्या केबलवाल्याला भाड्याने द्यावा, असा अर्ज वाड्यावरच्या आम्ही काही जणांनी ग्रामसभेत दिला आहे. अशी सोय आपल्या गावात आधीच झाली असेल, तर पंचायतीने भाडं आणि दुरुस्तीची जबाबदारी कशी ठरवली ते कृपया कळवा. पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न येणार आहे.